इंग्रजी शब्दांचा मांडव

इंग्रजी पेपर मी पहिल्यांदा विकत घेतला तेव्हा त्याची घडी अशी घातली की मथळा बाहेर राहील. पनवेलच्या एसटी स्टँडपासून आमच्या कोन गावापर्यंत सहा आसनी रिक्षात तो मांडीवर उघडाच ठेवला. शेजारच्या बाईच्या टोपलीतून सुक्या जवळ्याचा वास येत होता, समोरचा माणूस डुलक्या घेत होता, आणि मी मात्र जगाचं काय चाललंय याची मोठी काळजी असल्यासारखी कपाळाला आठ्या घालून बसले होते. घरी येऊन वाचायला घेतला. पहिल्या बातमीच्या पहिल्या वाक्यात तीन शब्द अडले. दुसऱ्या वाक्यात चार. तिसऱ्या वाक्याला मी पेपर भिरकावला आणि तो तुळशीपाशी जाऊन पडला.

माझा राग असाच आहे. येतो भसकन आणि जातो गपकन. पाच मिनिटांनी पेपर उचलून आणला.

कारण गरज मला होती. बी.कॉम. झाले होते आणि सरकारी बँकेत ऑफिसर व्हायचं खूळ डोक्यात शिरलं होतं. एकदा परीक्षा देऊन झाली होती. गणितात पास, बुद्धिमापनात पास, इंग्रजीत सपशेल आडवी. पनवेलच्या भाजी मार्केटमागे ज्या क्लासला मी जायचे तिथले सर म्हणाले, "रोज इंग्रजी अग्रलेख वाचायचा आणि त्यातले दहा कठीण शब्द पाठ करायचे. दुसरा उपाय नाही." सर स्वतः 'नेव्हरदलेस' म्हटल्याशिवाय वाक्य सुरू करत नसत, अगदी पंखा लावायला सांगायचा असला तरी.

बाबांना हे सगळं थेर वाटत होतं. आमच्या भागातल्या जमिनी सरकारी प्रकल्पांत गेल्या होत्या, एक्स्प्रेस-वेच्या कडेला इमारती उठत होत्या, आणि बाबांनी दोन डंपर घेऊन खडी-रेती पुरवायचा धंदा टाकला होता. "बँकेत लोक पैसे ठेवाला जातान," ते म्हणायचे, "कामाला कोन जातो?" एकदा नापास झालेली मुलगी पुन्हा अभ्यासाला बसते म्हणजे तिच्या डोक्यात काहीतरी सैल झालंय, असं त्यांचं मत होतं, आणि त्यावर औषध म्हणून त्यांनी कर्नाळ्याच्या पलीकडचं एक स्थळ हेरून ठेवलं होतं.

तेव्हा मध्ये पडली ती आत्या. बाबांची थोरली बहीण. तिला कोनमध्येच दिलेली, आमच्यापासून दोन घरं सोडून. पोटी मूल नव्हतं, त्यामुळे मी जन्मले तेव्हापासून अर्धी तिच्याच घरात होते. ती आमच्या चार गावांची धवलारीण होती. आमच्या आगरी लोकांत लग्न लागतं ते धवलारणीच्या गाण्यांवर. मांडव घालायच्या दिवसापासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक विधीचा वेगळा धवला असतो. धवलारीण एक ओळ म्हणते आणि मागच्या बायका ती झेलतात. तीन दिवसांचं गाणं आत्याच्या गळ्यात होतं, आणि तिला सही करता येत नव्हती.

तिने बाबांना ओटीवर गाठलं. "पुढले होलीपावत या पोरीचे लग्नाचा नाव काराचा नाय," ती म्हणाली. "होलीपावत पास नाय झायली त तू बोलशील त्या पोराशी लग्न. मीच धवला म्हनीन." बाबा थोरल्या बहिणीपुढे कधीच बोलले नव्हते. त्यांनी मान हलवली, पण मनातल्या मनात होळीपर्यंतचे महिने मोजलेच असणार. मीही मोजले. आठ होते.

मग मी जी भिडले! रोज दहा शब्द वहीत, अर्थासकट. संध्याकाळी पाठ, सकाळी सपाट. पालथ्या घड्यावर पाणी. वर माझी एक वाईट खोड अशी की जो शब्द आज कळला तो आजच वापरायचा. आईला सांगितलं की तुझं कालवण आज फार 'मीडिओकर' झालंय. तिला ते कौतुक वाटलं आणि तिने अजून दोन डाव वाढलं.

एका दुपारी मी आत्याच्या पडवीत येरझाऱ्या घालत घोकत होते. ती तांदूळ निवडत होती. बराच वेळ तिने ऐकून घेतलं आणि मग सूप खाली ठेवलं.

"आगो, येक येक शब्द असा सुटा सुटा कोन लक्षात ठेवतो?"

"मग कसं ठेवायचं? तू कसं ठेवतेस?"

"मी नायच ठेवत. मी मांडव ठेवते. कोन कुठं बसलाय ता मना म्हाईत. मंग तेचे नावाची ओल आपोआप येते." तिने माझ्या वहीकडे हनुवटी उडवली. "यो पयला कोन?"

"युबिक्विटस. म्हणजे जिकडेतिकडे असणारा."

आत्याने एक क्षणही विचार केला नाही. "म्हंजे आपली पाटलीन! बोलवा, नको बोलवा, सगले लग्नांन ती हायेच. तिला मांडवाचे दारी बसव. पुढला?"

"रिलक्टंट. मनातून तयार नसलेला."

"नवऱ्याची आई. आतले खोलीन रुसून बसलीय. पुढला?"

हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं, आणि आत्या मात्र खऱ्या लग्नाची यादी करावी तशी गंभीर. 'मिटिगेट' म्हणजे तीव्रता कमी करणारा, तो झाला भांडणात दोन्ही बाजूंना पाणी नेऊन देणारा मामा. 'एक्झॅसरबेट' म्हणजे चिघळवणारी, ती झाली त्याची बायको. 'स्क्रूटिनी' आहेराचं लुगडं उलटंपालटं करून बघणारी. 'कॉम्प्लेसंट' हा पंगत बसायच्या आधीच पानावर जाऊन बसलेला व्याही. दहा शब्द बसवून झाले आणि आत्याने चाल धरली:

मांडवाचे दारी गो कोन कोन आयली
युबिक्विटसबाय आयली, सगलीकरं दिसली
वटीवर बसून गो कोन कोन पाहते
स्क्रूटिनीबाय पाहते, लुगरा उलटून पाहते

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होते आणि दहाच्या दहा शब्द अर्थासकट तोंडातून बाहेर आले, फेसासकट.

त्यानंतर आमच्या दोघींचं जे काही सुरू झालं त्याला अभ्यास म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मी पनवेलहून पेपर घेऊन धावतपळत यायचे. आत्याला आधी अग्रलेखाची हकिगत सांगायची, कोण देश कोणाशी का भांडतोय, कोणता मंत्री काय बरळला. ती न्याय द्यायची, कारण प्रत्येक भांडणात तिला चूक कोणाची हे लगेच कळायचं. मग शब्द बसवायचे. जसजशी गर्दी वाढली तशी आम्ही व्यवस्था लावली. मांडवाच्या दिवशी राजकारण, हळदीला अर्थकारण, आणि लग्नाच्या दिवशी कोर्टकचेऱ्या. दिवाळीपर्यंत आमच्या मांडवात पाय ठेवायला जागा उरली नाही. तांदूळ धुताना, बोंबील साफ करताना, रस्त्याने जाताना आम्ही गात असायचो. आईने एकदा बाबांना हळूच विचारलं, कोणाकडे दाखवायचं का? दोघींनाही?

घोटाळा व्हायचा तो झालाच. बेलपाड्यात एका घरी लग्न होतं आणि आत्या दुपारच्या विधीला धवला म्हणत होती. मीही गेले होते. गाता गाता मांडवाच्या दाराशी आली आणि तिच्या तोंडून सवयीने युबिक्विटसबाय निघाली. मी कपाळावर हात मारला. मागच्या बायकांनी ती ओळ झेलली, दणक्यात, जशीच्या तशी. धवलारीण म्हणते ते झेलायचं, इतकंच त्यांना माहीत. आत्या माझ्याकडे बघून जी फुलली! तिने स्क्रूटिनी आणली, रिलक्टंट आणली, मिटिगेटमामा आणि त्याची बायको दोघांनाही आणलं. वीस-पंचवीस बायका हिरव्या बांगड्यांचे हात हलवत अग्रलेख गात होत्या.

मुलीकडच्या एका बाईने शेजारणीला विचारलं, "ही युबिक्विटसबाय कोनाची गो?"

"नवऱ्याकरची आसंल," शेजारीण म्हणाली.

नवऱ्याकडच्या मंडळींना ती नवरीकडची वाटली. जेवताना दोन्हीकडून तिची चौकशी झाली, आणि न आल्याबद्दल थोडी निंदाही. पुढच्या महिन्यात आत्याला दोन घरांतून निरोप आले की आमच्याकडे तो इंग्लिश धवला पण म्हणा.

लेखी परीक्षेत मी इंग्रजीचा पेपर गुणगुणत सोडवला. पर्यवेक्षक दोनदा येऊन उभे राहिले आणि तिसऱ्यांदा म्हणाले, "ताई, मनात." गाळलेल्या जागा भरा, समानार्थी शब्द ओळखा. एकेक पाहुणा मांडवातून उठून हात वर करत होता. लेखीचा निकाल लागला आणि मी पास होते. आत्याने मला उचलून गिरकी घेतली, आणि मी काही लहान नव्हते की हलकी नव्हते. आता फक्त मुंबईची मुलाखत उरली होती. होळीला दीड महिना होता.

बाबांनी स्वतः गाडी काढली. मुलाखतीच्या आधी गटचर्चा होती. आम्ही आठजण गोल टेबलाभोवती बसलो आणि विषय निघाला, शेतजमीन उद्योगांना द्यावी का? मला वाटलं, घोडं गंगेत न्हालं! हा विषय माझ्या दारातून रोज जातो, खडी भरून. बोलायला तोंड उघडलं आणि 'विस्थापित' या अर्थाचा शब्द हवा झाला. तो मला येत होता. तो लग्नाच्या दिवशी, कोर्टकचेरीच्या पंगतीत, उजवीकडून चौथा बसला होता. पण तिथवर जायचं तर मांडवाच्या दारातून शिरावं लागत होतं!

ही आमची चूक तेव्हा मला कळली. धवला मधूनच उचलता येत नाही. आत्याही कधी उचलत नसे. कोणी मध्ये अडवलं तर ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. तर मी त्या टेबलापाशी बसून पहिल्यापासून सुरू केलं. युबिक्विटसबाय आयली. बाकीचे सातजण फाडफाड बोलत होते. मी ओटीवर पोचले. नोएडाचा एक मुलगा बोटांवर मुद्दे मोजत होता. मी आतल्या खोलीत. माझे ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी हळदीतून कशीबशी गर्दी सारत निघाले, लग्नाचा दिवस उजाडला, पंगत आली, उजवीकडून चौथा! मी हात वर केला आणि विजयाने ओरडले, "डिस्प्लेस्ड!"

चर्चा तोवर मोबाईल फोनवर जाऊन पोचली होती. सगळे माझ्याकडे बघत राहिले. मी आणखी दोन वाक्यं बोलले, ती आठवावीशी वाटत नाहीत.

मुलाखतीत टेबलापलीकडे तिघं होते. मधल्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला की गटचर्चेत तुम्ही प्रार्थना करत होतात का? खोटं बोलायला वेळ नव्हता. मी मांडवाची हकिगत सांगितली. त्यांनी दोन-तीन शब्द विचारले, हा कुठे बसतो, तो कोणाचा कोण. 'रिलक्टंट' सासू ऐकून त्या चष्मा काढून हसल्या. माझ्या जिवात जीव आला.

तेवढ्यात डावीकडच्या गृहस्थांनी माझा पत्ता वाचला. म्हणाले, "पनवेलकडच्या. तुमच्या लोकांना जमिनीचे पैसे मिळाले आणि त्यांनी ते गाड्यांत आणि लग्नांत उडवले. असंच ना?"

अंगाचा तिळपापड झाला. बाबा खाली गाडीत बसून होते, मुलीची मुलाखत म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून. मी मांडवाकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. म्हटलं, सर, आमचं शेत गेलं, आमचं मिठागर गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून जायचं कुठे, हे कोणी सांगितलं नाही. माझ्या वडिलांनी गाडी घेतली. गाडीत बसून माणूस निदान कुठेतरी जातो. तुम्ही काय केलं असतं? आणि वर म्हटलं, लग्नात आम्ही सगळ्यांना बोलावतो, तुम्ही या आणि मग बोला. हे सगळं इंग्रजीत. त्यातला सर्वांत अवघड शब्द 'एव्हरीबडी' होता. सहा-सात महिन्यांत जमवलेले हजारभर पाहुणे बसल्या जागी बसून राहिले आणि भांडण सातवीच्या पुस्तकातल्या शब्दांवर उरकलं.

खाली येऊन गाडीत बसले आणि रडू फुटलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, झालं, गेली नोकरी. वाशी खाडीपर्यंत बाबांनी मला रडू दिलं. मग त्यांनी सगळं विचारून घेतलं, आणि एक गोष्ट दोनदा विचारली.

"गाडीचा असा बोललीस तेला?"

"बोलले."

"इंग्लिशन?"

"हो."

"बरा केलास," ते म्हणाले. आणि कळंबोली गेल्यावर म्हणाले, "पन आता स्थल बगाया लागंल."

होळीच्या दोन दिवस आधीपर्यंत निकाल नव्हता. कर्नाळ्याच्या पलीकडची मंडळी होळीच्या दुसऱ्या दिवशी यायची ठरली. घरात पुरणाच्या डाळीबरोबर त्यांच्यासाठी नव्या कपबशाही आल्या, आणि आत्या त्या कपबशांकडे असं बघायची की कधीही हातातून सुटतील. मी रोज पनवेलला जाऊन सायबर कॅफेत बसायचे. होळीच्या आदल्या दिवशी सकाळी यादी लागलेली होती. माझा नंबर खालून तिसरा. मी तो कागदावरच्या नंबराशी एकेक आकडा करून ताडून बघितला, मग कॅफेवाल्याला बघायला लावला, मग शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी बाईंना. त्या म्हणाल्या, "अहो तुमचाच आहे, आता उठा." बाहेर येऊन मी रस्त्यात नाचले. अगदी खरं, हात वर करून, आमच्या हळदीत नाचतात तशी. एका भाजीवालीने टोपली सावरली.

बाबांनी कोनमध्ये घरोघर पेढे वाटले. स्थळवाल्यांना फोन करून ते जे बोलले ते मी दाराआडून ऐकलं: "नाय नाय, पोरगा तुमचा चांगलाच हाय. पन आमची ऑफिसर झायली. आता कसा जमंल?" ऑफिसर हा शब्द ते इतका ठासून म्हणत होते की गल्लीत ऐकू जावं. होळीभोवती आत्या अशी नाचली की दुसऱ्या दिवशी तिचा गुडघा सुजला. तरी ती सगळ्या गावाला सांगत होती, "मी बोलली व्हती. मी बोललीच व्हती."

नेमणुकीचं पत्र महिन्याभराने आलं. पोस्टमनने ते ओटीवरच दिलं आणि मी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं, आधी इंग्रजीत, तोऱ्यात, मग मराठीत. मराठीत सांगताना गावाचं नाव आलं आणि बाबांनी विचारलं, हे कुठे आलं? मी म्हटलं, केरळात. पनवेलहून गाडी आहे, थेट.

"कवरा लांब?" आत्याने विचारलं. ती उंबऱ्यात बसून गुडघ्याला तेल चोळत होती.

"एक दिवस आणि एक रात्र लागते गाडीला."

तिचा हात थांबला. बाबा खूश होते, ते आईला समुद्राकाठचं गाव कसं असतं ते सांगायला लागले. आत्या उठून लंगडत तिच्या घराकडे गेली. मी मागोमाग गेले. ती चुलीपुढे बसली होती आणि चूल पेटलेली नव्हती.

"नापास झायली असतीस त कर्नाल्याचे पलीकरं गेली असतीस," ती म्हणाली. "आर्ध्या तासान मी आयली असती."

मी तिच्याशेजारी फतकल मारून बसले. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त तिचा राग येत होता. आठ महिने बाबांशी लढली, बेलपाड्याला अग्रलेख गायला लावला, आणि नोकरी लागली तर मी जाणार, एवढं तिच्या डोक्यात आलं नव्हतं? मी तसंच विचारलं, "मग भांडलीस कशाला माझ्यासाठी?"

"मना ठावा व्हता तू लांब जाशील."

"मग?"

"तुला पायजे व्हता ना," आत्या म्हणाली.

मी तिचा दुखरा गुडघा चोळत राहिले. मग तिने पदराने नाक पुसलं.

"तिकरं काय खातान?"

"म्हावरं-भात."

"रोज?"

"रोज."

"मंग जा," ती म्हणाली, आणि चूल पेटवायला घेतली.